सहा ते सव्वासहा

माझ्या नोकरीचं काम काय, असं कुणी विचारलं की मी "सरकारी ऑफिसात आहे" एवढंच सांगायचे. सासरी त्यापुढे कुणी विचारलं नाही. वडिलांनी मात्र एकदा खोदून विचारलं. तेव्हा त्यांना सांगितलं की एक पेन दिवसरात्र आपलं आपण कागदावर रेघ ओढत असतं, ती रेघ कुठे किती वर गेली आणि कुठे किती खाली आली ते मी पट्टीने मोजते आणि वहीत लिहिते. वडिलांनी ते नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्याला पदवी लागते?"

लागत होती. भौतिकशास्त्राची पदवी, बरं इंग्रजी आणि चांगलं अक्षर. धरण फुटून शहरात पूर येऊन गेल्यानंतरची ती वर्षं. निम्म्या ओळखीच्या लोकांचे पत्ते बदललेले होते, आणि ज्याला सरकारी नोकरी लागायची तो ती घट्ट धरून ठेवायचा. मीही धरली. आम्ही खडकीला फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो, कारण हे दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. माझं केंद्र खडकवासल्याच्या रस्त्याला, त्या काळी पार गावाबाहेर. खडकीहून स्वारगेट, स्वारगेटहून दुसरी बस, उतरल्यावर पंधरा मिनिटं पायी. जाताना काही वाटायचं नाही. येताना स्वारगेटला रांगेत उभी राहिले की पिंडऱ्यांत गोळे यायचे, आणि घर अजून अर्ध्या वाटेवर असायचं. घरी सासूबाई. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचं सगळं अंथरुणातच. मी येईपर्यंत शेजारीण बघायची, त्यानंतर मी.

हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. पुढे जे झालं त्यात माझ्या थकव्याचा हात होता, म्हणून सांगते.

केंद्र म्हणजे दगडी भिंतींच्या दोन खोल्या, मागे मोकळं माळरान आणि त्यात दीड पुरुष उंचीची लाकडी चौकट, तिच्याभोवती तारेचे वेढे. तो आमचा एरियल. रेडिओवर गाणी लागतात त्या पट्ट्याच्याही खाली, पार तळाला, लांबच लांब लाटांचा एक पट्टा असतो. त्यातली एक लाट स्वारगेटला सुरू झाली तर संपायला डेक्कन यावं लागेल, एवढी लांब. या लाटा डोंगरांना जुमानत नाहीत, जमिनीला धरून शेकडो मैल जातात, म्हणून त्यांच्यावर सगळ्यांचा भरवसा. दूर दक्षिणेकडच्या एका केंद्रातून अशा लाटांवर संदेश सुटायचे. कसले, ते आम्हाला कधी कळलं नाही. पाच-पाच अक्षरांचे गट असत, एकाचाही अर्थ लागायचा नाही. सकाळी सहा ते सव्वासहा ही मुख्य वेळ. संदेश एकदाच सुटायचा. आमच्याकडून उलट विचारायची सोय नव्हती. जे निसटलं ते निसटलं. मग मुख्य कार्यालयाला फोन करायचा, त्यांनी तिकडून पुन्हा मागवायचं, आणि त्या फोनची नोंद व्हायची.

पहिल्या खोलीत हे संदेश कानाने ऐकून उतरवून घेणारे ऑपरेटर बसायचे. दुसऱ्या खोलीत मी आणि माझं पेन. त्याच केंद्राचा आवाज किती जोरात येतोय, ते ते पेन कागदाच्या गुंडाळीवर उमटवायचं. दोन खोल्यांमध्ये एक भिंत होती, पण कागदोपत्री आम्ही दोन वेगळ्या गावांत होतो. त्यांचा अहवाल एका शाखेकडे जायचा, माझा दुसऱ्या. माझ्या तक्त्यांचं पुढे काय होतं, हे पहिली दोन वर्षं मी विचारलं. नंतर विचारणं सोडून दिलं.

सकाळच्या पाळीला एकच ऑपरेटर असायचे, ते वयाने माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे होते. लष्कर भागात त्यांची चौथी पिढी. वडील घोड्यांच्या खोगिरांचं काम करायचे, थोरला भाऊ अजून चामड्याच्या दुकानात बसायचा. आम्ही सगळे त्यांना भाई म्हणायचो, ते मला बाई म्हणायचे. कपडे नेहमी इस्त्रीचे, बोलणं मोजकं. कानावर हेडफोन चढवले की डोळे मिटायचे आणि पेन्सिल चालू लागायची. एकदा मी विचारलं, "भाई, डोळे मिटून ओळ वाकडी कशी जात नाही?" तर म्हणाले, "डोळे उघडे ठेवले की समोरची भिंत वाचायला लागतो, बाई."

आमचे साहेब महिन्यातून दोनदा यायचे. माणूस वाईट नव्हता. कामाला वाघ होता आणि त्यामुळेच त्याला सगळ्यांच्या आळसाचा संशय यायचा. बैठकीत एक वाक्य ते हमखास म्हणायचे: "लो फ्रिक्वेन्सी म्हणजे बैलगाडी. डौल नाही, वेग नाही, पण पोचते म्हणजे पोचते. न पोचली तर गाडीवान झोपलाय असं समजा."

माझ्या पाचव्या वर्षीची गोष्ट. गुढीपाडवा होऊन आठवडा झाला असेल. दुपारी डबा खाऊन मी पट्टी हातात घेतली तोच भाई दारात आले. हातात एक कागद होता.

"बाई, जरा तुमचं साहेबी इंग्रजी पाहिजे होतं."

मेमो होता. त्या महिन्यात तीन वेगवेगळ्या सकाळी संदेशातले गट निसटले होते. खाली मागच्या वर्षांच्या अशाच नोंदी तारखांसह दिल्या होत्या, आणि शेवटी साहेबांचा शेरा होता की सदर कर्मचारी सणासुदीच्या काळात कामात गाफील राहतो असं दिसतं, तरी दोन दिवसांत खुलासा करावा. तारखा खरोखरच पाडव्याच्या आणि दसऱ्याच्या आगेमागे होत्या.

"यांना कुणीतरी सांगा," भाई म्हणाले, "माझी ईद दरसाल दहा-अकरा दिवस मागे सरकते. पाडव्याला मी कशाला गाफील राहू? घरी पुरण शिजतंय का माझ्या?"

मला हसू आलं. त्यांनाही आलं, पण तेवढ्यापुरतंच. मग खुर्ची ओढून बसले. "आवाज जातो हो. चालता चालता पायाखालची पायरी काढून घ्यावी तसा जातो. मी नोंदवहीत लिहितो प्रत्येक वेळी, आवाज गेला म्हणून. ते वाचून साहेब म्हणतात, तुमचाच बरा जातो, दुपारच्या माणसाचा जात नाही."

आता सांगायला लाज वाटते. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात फक्त साडेतीनची बस होती. रात्रभर सासूबाईंनी झोपू दिलं नव्हतं, सकाळी त्यांच्या चादरी भिजवून तशाच टाकून आले होते. मी कागद पुढे ओढला आणि दहा मिनिटांत खुलासा लिहिला. सरकारी खुलासे कसे असतात ते मला पाठ होतं. अमुक अमुक तारखांना झालेल्या चुकांबद्दल मी दिलगीर आहे, यापुढे अशी हयगय होणार नाही याची ग्वाही देतो, तरी या वेळी सहानुभूतीने विचार व्हावा. इंग्रजी फर्डं होतं.

भाईंनी कागद हातात घेतला, बघितला, आणि सही केली.

"थोडं लवकर मिटेल याने," मी म्हटलं.

"हो," ते म्हणाले. "मिटू दे."

त्यानंतर पाच महिने तो विषय माझ्या डोक्यात आला नाही. पावसाळ्यात मुख्य कार्यालयातून पत्र आलं की पहाटेच्या वेळी रेघेत जो खड्डा पडतो त्याचा पाच वर्षांचा तक्ता करून पाठवा. हा खड्डा मला चांगला माहीत होता. रोज पडायचा. रात्रभर रेघ वरच्या अंगाला डुलत असायची, दिवसा खालच्या अंगाला सरळ चालायची, आणि या दोन्हींच्या मध्ये, सूर्य उगवायच्या साधारण अर्धा तास आधी, एकदम तळाला जाऊन परत वर यायची. मी त्यावर निळ्या पेन्सिलीने खूण करायचे आणि पुढे सरकायचे.

तो का पडतो हेही शिकलेलं होतं. त्या लाटा दोन वाटांनी आमच्यापर्यंत येतात. एक जमिनीवरून, दुसरी आकाशात वर जाऊन, तिथल्या विद्युतभारित हवेच्या थरावर आपटून खाली. रात्री तो थर उंच असतो, दिवस उजाडताना खाली उतरतो, आणि तो उतरत असताना दुसऱ्या वाटेची लांबी बदलत जाते. जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोघींनी एकाच खुंट्याला हात घालावा आणि ऐन वेळी एकीने उलटं ओढावं, तसं होतं. जोर दोघींचाही असतो, जातं मात्र जागचं हलत नाही. वर सूर्य आमच्याआधी उगवतो, म्हणून खड्डा आमच्या सूर्योदयाच्या आधी.

तर मी खड्ड्यांच्या वेळा ओळीने लिहीत होते. थंडीत पावणेसातच्या आसपास. मग सूर्य लवकर उगवू लागतो तशी वेळ मागे येत जाते, साडेसहा, सव्वासहा. मार्च संपता संपता सहा वाजून पाच मिनिटं. ती तारीख लिहिली आणि हात थांबला. ती मी आधी कुठेतरी लिहिली होती. कुठे ते आठवायला मिनिटभर लागलं. भाईंच्या खुलाशात.

मी उठले, पलीकडच्या खोलीत गेले आणि नोंदवह्या मागितल्या. पाचही वर्षांच्या. दुपारच्या ऑपरेटरने मान वर न करता कपाट दाखवलं. त्या दिवशी साडेतीनची बस गेली, साडेचारचीही गेली. भाईंच्या पाळीत निसटलेले बहुतेक गट माझ्या निळ्या खुणांवर बसत होते. पाडव्याच्या आगेमागे तीन आठवडे आणि दसऱ्याच्या आगेमागे तीन आठवडे खड्डा सहा ते सव्वासहाच्या आत यायचा, आणि ज्या सकाळी तो फारच खोल असायचा त्या सकाळी गट निसटायचे. उन्हाळ्यात तो सहाच्या आधीच होऊन जायचा, थंडीत सव्वासहानंतर पडायचा. दुपारच्या माणसाचा आवाज का जात नव्हता, तेही समोरच होतं. दुपारी आकाश आपल्या जागी स्थिर असतं.

पाच वर्षं मी भिंतीच्या अलीकडे हे मोजत होते आणि पलीकडे भाई त्यात पडत होते. आणि न केलेली चूक त्यांच्या नावावर मी लिहून दिली होती, सुवाच्य अक्षरात.

चौकीदार मागच्या वस्तीवरचा शेतकरी होता. तो कुलूप घेऊन आला. "बाई, आज मुक्काम हाय का काय हितंच?" मी वह्या मिटल्या.

घरी येऊन यांना सांगितलं. ते जेवत होते. म्हणाले, "मग साहेबांना दाखव की." एवढं सोपं. मी मान हलवली, भांडी घासली आणि पुढचे पंधरा दिवस काही केलं नाही. सासूबाईंना पाठीला जखम झाली होती, धाकटीला गोवर आला होता. ही कारणं खरी होती. पण त्यांच्या आडून मी लपले होते हेही तितकंच खरं. साहेबांसमोर उभं राहून, तुमच्या शेऱ्यात चूक आहे आणि त्या खुलाशात माझी चूक आहे, असं म्हणायचं होतं. त्याला लागतं तेवढं बळ अंगात नव्हतं.

दसरा जवळ आला तसे गट पुन्हा निसटणार, भाईंना पुन्हा मेमो येणार आणि मी माहीत असून लपवलं हे आपोआप उजेडात येणार, अशी भीती वाटू लागली. नुसत्या वह्यांवर कुणी विश्वास ठेवणार नाही, स्वतः बघितलं पाहिजे, असं ठरवून एका शनिवारी मी स्वारगेटजवळ माहेरी मुक्कामाला राहिले. ऑपरेटरला न्यायला ऑफिसची जीप पहाटे यायची, तिच्यात बसून गेले. भाईंनी मला जीपमध्ये बघून भुवया वर केल्या. मी म्हटलं, "तक्ता करायचाय." 

सहाला पाच मिनिटं असताना त्यांनी हेडफोनची एक बाजू माझ्या कानाला लावायला दिली, दुसरी स्वतःच्या कानाशी धरली. बरोबर सहाला सुरुवात झाली. स्वच्छ, गोल, एकसारखा आवाज. भाईंचे डोळे मिटले, पेन्सिल चालू लागली. सहा मिनिटं झाली असतील. आवाज बारीक होऊ लागला. सूत कातताना पेळू संपत आला की सूत जसं झिरझिरीत होतं तसा. खरखर होती तेवढीच होती. तिच्याखाली तो आवाज विरत विरत गेला आणि नाहीसा झाला. भाईंची पेन्सिल दोन अक्षरं पुढे गेली, थांबली. मग त्यांनी एक आडवी रेघ काढली. मग दुसरी. कपाळावरची शीर उठून दिसत होती. हेडफोन त्यांनी कानावर इतका दाबला होता की बोटांची पेरं पांढरी पडली होती. मी हळूच उठून दारातून माझ्या खोलीत बघितलं. पेन तळाला टेकलं होतं.

सहा दहाला आवाज परत आला, जसा काही कुठे गेलाच नव्हता. सव्वासहाला भाईंनी हेडफोन काढले. रुमालाने कान पुसले. कागदावर मध्ये रेघांची एक ओळच ओळ होती.

"बघितलंत?" ते म्हणाले.

"मला माहीत होतं," मी म्हटलं. "पावसाळ्यापासून. खरं तर पाच वर्षांपासून." आणि मग सगळं सांगितलं. खड्डा, तारखा, पंधरा दिवसांची चालढकल. शेवटी खुलाशाचं. "तो मी न विचारता तसा लिहिला. तुम्ही चुकलात असं तुमच्या तोंडी घातलं."

त्यांनी फोन फिरवून मुख्य कार्यालयाला निसटलेल्या गटांचे आकडे सांगितले. नोंदवहीत नोंद केली. मग म्हणाले, "बाई, मी तो वाचला होता. सही करायच्या आधी. मला इंग्रजी येतं."

"मग सही कशाला केलीत?"

"तुम्ही का लिहिलात तसा?"

मला साडेतीनची बस आठवली.

"तसंच माझं," ते म्हणाले. "कंटाळलो होतो. तिसरा मेमो होता तो. भांडायला बसलो असतो तर आणखी चार आले असते. पुढच्या वर्षी बढतीच्या यादीत नाव यायचंय, म्हटलं आता माफी मागून मोकळं व्हावं." त्यांनी थर्मासमधला चहा दोन कपांत ओतला. राग होता की नव्हता, मला तेव्हा ओळखता आलं नाही. चहा घेताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही एवढं आठवतं.

साहेब आले त्या दिवशी मी तक्ता आणि नोंदवह्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी चष्मा लावला आणि अर्धा तास दोन्ही ताडून बघितलं. माझ्याकडून दोन ठिकाणची मापं पुन्हा घेतली. मग मागे टेकले.

"हे काही नवीन नाही, बाई. पहाटेचा खड्डा पुस्तकात आहे."

"मग साहेब, मेमो?"

"पुस्तकात आहे म्हटलं मी. फाईलमध्ये नव्हतं."

"आता आहे," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

ते चिडले नाहीत. उलट मला म्हणाले की काम चांगलं झालंय, मी हे माझ्या सहीने वर पाठवतो, वेळ बदलायला सांगतो. मग त्यांनी कपाटातून भाईंची फाईल काढली, उलटी करून माझ्यापुढे सरकवली आणि खुलाशावर बोट ठेवलं. "पण याचं काय करू? त्यांनी स्वतः कबूल केलंय. सही आहे. मी शेरा मागे घेतला तर उद्या कुणीतरी विचारेल, चूक नव्हती तर माणसाने माफी का मागितली?"

"ते मी लिहिलंय, साहेब."

"सही तुमची आहे का?"

 वेगळं पत्र देते म्हटलं. ते म्हणाले, द्या. मी त्याच दिवशी लिहून दिलं, या वेळी नीट, एकेक तारीख आणि एकेक मिनिट घालून. ते पत्र फाईलला लागलं की नाही, मला कधीच कळलं नाही.

वेळ मात्र बदलली. तीन महिन्यांनी परिपत्रक आलं. पहिला संदेश यापुढे साडेसातला सुटेल. कारण दिलेलं नव्हतं. "प्रशासकीय सोयीसाठी" असं काहीतरी होतं. साडेसातला, कुठलाही महिना असो, वरचं आकाश दिवसाचं झालेलं असतं. त्यानंतर भाईंच्या पाळीत क्वचितच काही निसटलं. निसटलं तर विजांच्या खरखरीने, आणि त्या खरखरीबद्दल कुणालाच मेमो मिळत नसे, कारण ती साहेबांना त्यांच्या घरच्या रेडिओवरही ऐकू यायची.

बढतीच्या यादीत भाईंचं नाव आलं नाही. पुढच्या वर्षीही नाही. त्याच्या पुढच्या वर्षी ते आहेत त्याच पदावरून निवृत्त झाले. निरोपाला साहेबांनी त्यांच्या सचोटीबद्दल भाषण केलं, खरं वाटेल असं केलं. मला वाटतं त्यांना मनापासून वाटतही होतं. भाईंनी हार गळ्यातून काढून खुर्चीच्या पाठीला अडकवला आणि सगळ्यांचे आभार मानले. जाताना मला म्हणाले, "घरी या एकदा. सासूबाईंना बरं वाटलं की."

सासूबाईंना बरं वाटणार नव्हतं, ते त्यांनाही माहीत होतं. त्या आणखी दीड वर्ष होत्या. मी गेले नाही.

त्यांच्या जागी एक नवा ऑपरेटर आला, हुशार, कामसू. साहेबही बदलून गेले, दुसरे आले. नव्या साहेबांनी पहिल्याच बैठकीत जुन्या नोंदी मागवल्या होत्या. त्या चाळत म्हणाले, "पूर्वी सकाळच्या पाळीत फार गट निसटायचे, असं दिसतं. हल्ली एकदम सुधारणा आहे. तरुण माणसाचा फरक पडतो." नव्या ऑपरेटरने नम्रपणे खाली बघितलं.

मी म्हटलं, "साहेब, माणसाने नाही. पूर्वी वेळ सहाची होती. ती साडेसात केली म्हणून."

"कसली वेळ?"

मी सांगितलं. खड्डा, सूर्योदय, पाडवा, दसरा. या वेळी कुणासमोर उभं राहायला बळ गोळा करावं लागलं नाही, याचं मलाच आश्चर्य वाटलं. बहुधा आता त्याचा कुणाला उपयोग नव्हता म्हणून. साहेबांनी ऐकून घेतलं. "असं होय," म्हणाले. "बरं. पुढचा विषय, जनरेटर."

त्या रविवारी मी लष्कर भागात भाईंच्या घरी गेले. पत्ता विचारत विचारत. अरुंद जिना, वर दोन खोल्या, खाली भावाच्या दुकानाचा चामड्याचा वास. भाई खिडकीशी पेपर वाचत बसले होते. घरातसुद्धा इस्त्रीचाच सदरा. मला बघून त्यांनी पेपर नीट घडी करून ठेवला, मग उठले. त्यांच्या पत्नीने शिरखुर्मा नाही, पण शेवयांची खीर आहे म्हणून वाटी भरून आणली.

मी त्यांना बैठकीत काय झालं ते सांगितलं. तरुण माणसाचा फरक पडतो, इथपर्यंत आले तेव्हा ते हसू लागले. आधी नुसते खांदे हलले, मग मोठ्याने. जनरेटरला पोचेपर्यंत त्यांना ठसका लागला आणि डोळ्यांतून पाणी आलं. त्यांना असं हसताना मी कधी बघितलं नव्हतं. मलाही हसू आलं, आणि मग कुठल्या कुठे माझं हसू बंद झालं आणि मी वाटीकडे बघत बसले.

त्यांची पत्नी आतून पाणी घेऊन आली. "क्या हुआ? इतना क्या हँसने का?"

"कुछ नहीं," ते म्हणाले, "ऑफिस का." पाणी प्यायले, कपाळ पुसलं आणि मला म्हणाले, "तो खुलासा तुम्ही तेव्हा लिहून दिला नसतात ना बाई, तरी मी स्वतः माफी लिहून सही केलीच असती. हे एवढं डोक्यातून काढून टाका."

मला ते खरं वाटलं नाही. पण त्यांना मी ते खरं मानावं असं वाटत होतं, म्हणून मी हो म्हटलं. खीर संपवली. बाहेर ऊन उतरलं होतं. खडकीची बस कुठून मिळेल ते त्यांनी जिन्यापर्यंत येऊन सांगितलं, पाय जपून टाका, तिसरी पायरी मोडलीय म्हणाले, आणि मी खाली पोचेपर्यंत वर उभे राहिले.